नासलेल्या दुधाचा दोष उन्हावर टाकण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात बातमी होती, ‘उन्हाच्या तडाख्याने दूध नासले’. पारा ४४ च्या वर गेला, शीतकरण केंद्रांत दूध टिकले नाही, उत्पादकांना फटका बसला, असा तिचा आशय. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. जे दूध घालतात त्यांचा न्याय राहिलेल्या अर्ध्यात अडकला आहे, म्हणून हे पत्र. ते लांबेल याची कल्पना आहे. जमेल तेवढे छापावे.

मी ३१ वर्षे डेअरीत पाश्चरायझरवर, म्हणजे दूध तापवून त्यातले जंतू मारणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर होतो. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. गेल्या वर्षी आखाजीच्या आधी, एप्रिलमध्ये, माझ्या मावसबहिणीचा फोन आला. धुळे-अमळनेर पट्ट्यातल्या एका खेड्यात तिचे घर आहे, दोन म्हशी आहेत. संध्याकाळी नऊ लिटर दूध ती गावातल्या केंद्रावर घालते. आठ-दहा दिवसांपासून केंद्राचे दूध पुढच्या डेअरीतून परत येत होते. उकळले की फाटायचे. तोटा मग दूध घालणाऱ्यांच्या बिलातून वळता केला गेला, आणि वर चारचौघांत सुनावले गेले की तुम्ही बाया सकाळचे दूध संध्याकाळच्यात मिसळता. फोनवर ती एकच वाक्य बोलली, “भाऊ, मन्हा दूधमा काय खोट शे, एवढं सांगी दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने गेलो. पिशवीत दोन थर्मामीटर होते. संध्याकाळी धार काढल्यावर तिच्या किटलीतले वाटीभर दूध तिच्याच गॅसवर उकळले. साय धरली, फाटले नाही. तिच्या शेजारणीचे घेतले, तेही फाटले नाही. मग आम्ही केंद्रावर गेलो.

केंद्रावर हजार लिटरचा बल्क कूलर आहे. स्टीलची टाकी, आत दूध ढवळणारा पंखा, बाजूच्या खोलीत कॉम्प्रेसर आणि दुधातून काढलेली उष्णता हवेत टाकणारा कंडेन्सर. अशा कूलरने ३५ अंशांचे दूध साधारण तीन तासांत ४ अंशांवर आणायचे असते. रात्री आठला दूध भरून झाले. अकराला टाकीत थर्मामीटर सोडला तर १९ अंश. या उबेत जंतू मजेत वाढतात. ३५ अंशांच्या आसपास तर ते वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे दूध सावकाश थंड होणे आणि दूध नासणे यांत फारसे अंतर उरत नाही.

केंद्रावरच्या पोराने सांगितले की मेकॅनिक येऊन गॅस भरून गेला, पैसेही घेतले, फरक पडला नाही. ऊन फार आहे, असे तो म्हणाला. मी यंत्राच्या खोलीत शिरलो. पत्र्याचे छप्पर, जेमतेम दहा बाय दहाची खोली, एक लहान खिडकी, तीही डास येतात म्हणून बंद. कंडेन्सरचा पंखा जिकडे हवा फेकतो तिकडे वीतभर अंतरावर भिंत. फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत कंडेन्सरच्या तोंडाशी येत होती. बाहेर अंगणात ३६ अंश होते. कंडेन्सर जी हवा ओढत होता ती ५३ अंशांची होती. टॉर्च मारून कंडेन्सरच्या कॉइलकडे, म्हणजे नळ्यांच्या जाळीकडे, पाहिले तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या दिसेचनात. कापसाचे तंतू, धूळ आणि कॉम्प्रेसरच्या तेलाचा ओशटपणा यांची घोंगडीच तिच्यावर बसली होती. गावात घरोघरी कापूस भरलेला असतो, फरदडीचा कापूस तर मार्चपर्यंत येतो. त्याचे तंतू हवेत असणारच. दर वीस मिनिटांनी आतला दाब हद्दीबाहेर जाऊन मशीन ट्रिप होत होते, आणि पोरगा बटण दाबून ते पुन्हा सुरू करत होता.

आता इथे थोडे थांबून यंत्र काय करते ते सांगतो. हे कळले की सगळ्या भांडणाचा उलगडा होतो.

कूलर थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तू नसतेच. दुधात उष्णता असते, ती काढून दुसरीकडे टाकायची असते. हजार लिटर दूध ३५ वरून ४ वर आणायला जी उष्णता काढावी लागते, ती विजेच्या मापात ३५ युनिटांच्या जवळपास भरते. दोन किलोवॉटचा गीझर सतरा-अठरा तास सलग चालवला तर जेवढी उष्णता निघेल तेवढी. ती दोन उंबरे ओलांडून जाते. पहिला उंबरा टाकीचा तळ. तळाला दुहेरी पत्रा असतो, त्या पोकळीत गार गॅस फिरतो, दुधाची उष्णता पत्र्यातून गॅसमध्ये जाते. दुसरा उंबरा कंडेन्सर. कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून बाहेरच्या हवेपेक्षाही गरम करतो, आणि मग कंडेन्सरच्या नळ्यांतून ती उष्णता हवेत जाते. कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णताही त्याच वाटेने बाहेर पडते. दुसरा उंबरा अडला की पहिला आपोआप अडतो. मग गॅस भरा नाहीतर कॉम्प्रेसर बदला.

या दोन्ही उंबऱ्यांना कारखान्यात हीट एक्स्चेंजर म्हणतात, पुस्तकात उष्णता-विनिमयक. नाव जड आहे, वस्तू आपल्या घरातली आहे. आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. मधोमध नळी, नळीत पऱ्हाट्यांचा नाहीतर कोळशाचा जाळ, भोवती पाणी. धूर पाण्यात मिसळत नाही, पाणी जाळावर पडत नाही, तरी जाळाची ऊब पाण्यात उतरते, कारण मध्ये तांब्याचा पातळ पत्रा आहे. सगळ्या हीट एक्स्चेंजरचा गाभा एवढाच. दोन प्रवाह, त्यांच्यामध्ये एक भिंत, भेट फक्त उष्णतेची. माझी आई दर दिवाळीआधी बंबाची नळी उपसून काजळी काढायची आणि नंतर म्हणायची, आता दोन पऱ्हाट्या कमी लागतील. तिला शाळा नव्हती, पण काजळीतून उष्णता जात नाही हे ती जाणून होती.

डेअरीत ज्या यंत्रावर माझी उमर गेली, तो प्लेटांचा हीट एक्स्चेंजर. इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली तो बाजारात आणला, आणि आज बहुतेक प्रत्येक मोठ्या डेअरीत तो आहे. जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या, नालीदार दाबलेल्या स्टीलच्या प्लेटा एकामागे एक उभ्या करून बोल्टांनी आवळलेल्या असतात, कडेने रबरी गॅस्केट. एका फटीत दूध, पुढच्या फटीत गरम पाणी, त्याच्या पुढच्या फटीत पुन्हा दूध. नाल्यांमुळे दूध सरळ वाहत नाही, घुसळत जाते, त्यामुळे पत्र्याला लागलेला थर सतत बदलतो आणि उष्णता झपाट्याने ओलांडते. दूध ७२ अंशांवर नेऊन १५ सेकंद धरायचे आणि लगेच ४ वर आणायचे, हा नियम. ७२ ला एक अंश जरी कमी पडला तरी एक झडप आपोआप फिरते आणि सगळे दूध मागे वळवते.

यातली जी गोष्ट मला पहिल्या दिवशी चकित करून गेली आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिचे कौतुक वाटत राहिले, ती अशी. ७२ अंशांचे दूध गार करायचे आहे आणि ४ अंशांचे कच्चे दूध गरम करायचे आहे. मग दोघांची गाठ घालून द्या. पण कशी, यात सगळी हुशारी आहे. दोन्ही दुधे एकाच दिशेने शेजारी शेजारी सोडली तर चालता चालता त्यांची बरोबरी होते. एक उतरते, एक चढते, ३८ वर दोघेही थांबतात. पुढे देवाणघेवाण नाही. तीच दुधे समोरासमोरून सोडली तर थंड दूध जसजसे तापत पुढे जाते तसतसे त्याला समोरून आणखी गरम दूध भेटत जाते. शेवटच्या प्लेटेला ६० च्या वर गेलेल्या दुधाची ७२ वाल्याशी गाठ पडते, तेव्हाही उष्णता वाहतच असते. आमच्या प्लांटवर कच्चे दूध असे ६५ पर्यंत फुकटात चढायचे आणि तयार दूध ११ पर्यंत फुकटात उतरायचे. बॉयलरला फक्त वरचे ७ अंश आणि बर्फाच्या पाण्याला फक्त खालचे ७ अंश ओढायचे काम उरायचे. मधल्या ६१ अंशांचे इंधन वाचले. समोरासमोर सोडण्याची ही रीत नसती तर पिशवीतले दूध आज आहे त्या भावात मिळाले नसते.

प्लेटेला कधी बारीक भोक पडू शकते, म्हणून तयार दुधाच्या बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा थोडा जास्त ठेवलेला असतो. गळले तर चांगले दूध कच्च्यात जाईल, कच्चे चांगल्यात येणार नाही. कुठल्यातरी शहाण्या माणसाने कुणाच्या तरी लेकराच्या पोटाचा विचार करून हे ठरवले, असे मी नव्या पोरांना सांगत असे.

आणि रोज पाळी संपली की धुलाई. आधी पाणी, मग कॉस्टिक, पुन्हा पाणी, ठरलेल्या दिवशी ॲसिड, शेवटी पाणी. गरम पत्र्यावर दुधाचा थर धरतो, त्याला आम्ही मिल्कस्टोन म्हणायचो. पाण्याच्या बाजूला क्षार धरतो. आपल्या खान्देशातले बोअरचे पाणी किती जड आहे हे गीझरची कॉइल काढून पाहिलेल्या कुणालाही विचारा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, क्षाराचे उलट आहे. पाणी तापले की कॅल्शियमचा क्षार विरघळून राहत नाही, खाली बसतो, आणि बसतो नेमका सर्वांत गरम पत्र्यावर, जिथे उष्णता ओलांडायची असते तिथेच. तांब्याच्या तुलनेत हा क्षार उष्णता दीडशे-दोनशे पटीने कमी वाहून नेतो. नळीवर एक मिलिमीटर क्षार धरला म्हणजे मध्ये वीतभर जाडीची तांब्याची भिंत उभी राहिली असे समजा. बाहेरून नळी तीच दिसते, मीटर मात्र पळत असतो.

आता त्या रात्रीकडे येतो. मी मेन स्विच बंद करायला लावला. पोराकडून मऊ ब्रश मागवला, पट्ट्यांच्या उभ्या रेषेतच तो फिरवला. आडवा फिरवला तर पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. मग पंख्याच्या बाजूने, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने, साध्या नळीने पाणी सोडले. जोराचा फवारा मारायचा नाही, तोही पट्ट्या वाकवतो. पहिल्यांदा चहासारखे पाणी आले. मग कोपऱ्यातून घोंगडीचा एक तुकडा तळहाताएवढा सुटून खाली पडला. तो मी उचलून पोराच्या हातात दिला. मग दुसरा, तिसरा. अर्धी बादली भरली. पलीकडचा टॉर्चचा उजेड कॉइलमधून आरपार दिसेपर्यंत धूत राहिलो. वाळू दिले, पहाटे दोनला मशीन सुरू केले. सकाळी गावातल्या गवंड्याला बोलावून समोरच्या भिंतीत दोन फूट बाय तीन फुटांचे भोक पाडून जाळी बसवली, खिडकी उघडली. खर्च चौदाशे रुपये. त्या संध्याकाळी उन्हाची तीच धग होती, दूध तेच होते, माझी मावसबहीण तीच होती. आठला भरलेली टाकी अकराला ४ अंशांवर होती.

संपादक महाशय, माझी तक्रार याच्यापुढची आहे. दूध नासण्याचे कारण सापडले, सगळ्यांनी पाहिले, तरी अकरा दिवसांचे कापलेले पैसे कुणालाही परत मिळाले नाहीत. मी केंद्राच्या चालकांशी बोललो, त्यांच्या वरच्या कार्यालयाला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. ज्या बायांना चारचौघांत दूध मिसळणाऱ्या म्हटले गेले त्यांच्याकडे जाऊन कुणी चुकलो म्हटले नाही. माझ्या बहिणीने एक म्हैस पावसाळ्याच्या तोंडावर विकली. फक्त त्या अकरा दिवसांमुळे विकली असे मी म्हणणार नाही, पण त्या महिन्याच्या पेंडीचे पैसे तिला उधार करावे लागले हे मी डोळ्यांनी पाहिले.

आणि यंदा आपल्या पानावर तीच बातमी, तेच कारण, ऊन. खान्देशात ऊन काही काल आलेले नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५-४६ ला जाणे आपल्याला सवयीचे आहे. ज्या यंत्राने ४५ अंशांच्या हवेत उष्णता टाकायची आहे त्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे, हे फाल्गुनातच कळायला हवे. हिवाळ्यात अर्धी बुजलेली कॉइलही काम भागवून नेते, कारण बाहेरची हवा गार असते. दोष तेव्हाही असतो, दिसत नाही एवढेच. एप्रिलमध्ये हवा आणि गॅस यांच्या तापमानातला फरक कमी होतो, मग दोषाचे पितळ उघडे पडते आणि आपण ते उन्हाच्या नावावर मांडतो.

हे फक्त दुधाचे नाही. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर तापतात. रेडिएटरच्या जाळीत गव्हाचा भुसा बसलेला असतो, आणि शेतकरी मिस्त्रीच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅटच काढून टाकतो, वर बोअरचे जड पाणी भरतो. जाळी उलट्या बाजूने हवा मारून साफ केली आणि कूलंट घातले तर बहुतेक ट्रॅक्टर पाणी उकळणार नाहीत. सावदा-रावेरकडे केळी पिकवण्याच्या खोल्या झाल्या आहेत. तिथली कॉइल बर्फाने गोठली की वारा फिरत नाही, आणि जिथे गारवा जास्त साचतो, १३ अंशांच्या खाली जातो, तिथल्या केळीची साल काळवंडते. व्यापारी म्हणतो माल खराब आला. दीपनगरच्या वीज केंद्रात टर्बाइन फिरवून दमलेली वाफ हजारो नळ्यांच्या कंडेन्सरवर जाऊन पुन्हा पाणी होते. कोळशाच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग तिथे थंड पाण्याच्या हवाली होतो, आणि कूलिंग टॉवरमधून पांढरे ढग होऊन आकाशात जातो. ते ढग पाण्याच्या वाफेचे आहेत, धूर नव्हे. धुराची चिमणी वेगळी. तिथेही नळ्या साफ ठेवण्यावर माणसे नेमलेली असतात, कारण नळ्या माखल्या की त्याच कोळशात वीज कमी निघते. घरातला एसीही तसाच. गॅलरीत कपाटाएवढ्या जागेत बाहेरचे युनिट कोंबायचे, पुढे पडदा लावायचा आणि मग कंपनीला शिव्या द्यायच्या, हे मी माझ्या नातेवाइकांच्या घरी दरवर्षी पाहतो.

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या जिल्ह्यातल्या दूध संघांना, केंद्रचालकांना आणि दुग्धविकास खात्याला उद्देशून आहेत. होळी ते गुढीपाडवा या दरम्यान प्रत्येक बल्क कूलरचा कंडेन्सर धुतला गेला पाहिजे, आणि कुणी, कोणत्या तारखेला धुतला हे दाराच्या आतल्या बाजूला खडूने का होईना लिहिले गेले पाहिजे. प्रत्येक केंद्रावर एक वही हवी. तिच्यात रोज फक्त तीन आकडे, दूध भरून झाल्याची वेळ, तीन तासांनंतरचे दुधाचे तापमान, आणि कंडेन्सरच्या तोंडाशी असलेल्या हवेचे तापमान. एका थर्मामीटरची किंमत एका दिवसाच्या नासलेल्या दुधाच्या पासंगालाही पुरत नाही. आणि ज्या रात्री तीन तासांत दूध ४ अंशांवर आले नाही असे ती वही दाखवेल, त्या रात्रीच्या दुधाची कपात उत्पादकाच्या बिलातून करता येणार नाही, असा लेखी नियम व्हावा. वही दूध घालणाऱ्या कुणालाही मागितल्यावर पाहता आली पाहिजे.

आपल्या बातमीदारांना विनंती आहे की पुढच्या वेळी दूध नासल्याची बातमी आली तर केंद्राच्या मागच्या खोलीत जाऊन कॉइलचा एक फोटो काढावा आणि तो बातमीसोबत छापावा. ज्या गावाला कंडेन्सर कसा धुवायचा हे पाहायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. एस.टी.चे भाडेही नको. मी पहाटेच्या गाडीने येईन, सोबत दोन थर्मामीटर आणि ब्रश असेल, मेन स्विच बंद करायला एक माणूस आणि पाण्याची नळी तेवढी तयार ठेवावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डेअरी ऑपरेटर,
अमळनेर, जि. जळगाव